सुनेच्या तिकिटाचं गाऱ्हाणं

१४ मे. सकाळपासून रातांबे फोडायला बसले आहे. दोन क्रेट झाले, दोन बाकी आहेत. फळ मधोमध कापायचं, बिया आणि गर एका पातेल्यात, सालं दुसऱ्यात. मग रसात मीठ घालून त्यात सालं बुडवायची, उन्हात पसरायची, संध्याकाळी गोळा करून पुन्हा रसात. असं चार-पाच दिवस केलं की आमसूल होतं. पाऊस यायच्या आत सगळं वाळून डब्यात गेलं पाहिजे, त्यामुळे मे महिन्यात मी कुणाशी फार बोलत नाही.

दुपारी घरमालकांची सून आली. ती आमच्या गावची नगराध्यक्ष आहे. स्टूल ओढून बसली, विचारल्याशिवाय सुरी घेऊन दहा-बारा रातांबे फोडून दिले आणि मग म्हणाली, "ताई, तुझो एक व्हिडिओ होयो."

निवडणूक पुन्हा आली आहे. तिला पक्षाचं तिकीट पुन्हा हवं आहे. पक्षातल्याच दुसऱ्या इच्छुकाची माणसं तिच्या सासऱ्यांचा गेल्या निवडणुकीतला व्हिडिओ परत फोनवरून फिरवू लागली आहेत. त्याला उत्तर म्हणून मी एवढंच बोलायचं की घरमालक दिवसभर माझ्या दुकानाबाहेर बसायचे, मी त्यांना रोज बघत होते, त्यांना विसर पडला होता आणि त्या दिवशी आपण काय बोलतोय हे त्यांना कळत नव्हतं. घरच्या माणसाने सांगितलं तर लोक हसतील, भाडेकरणीने सांगितलं तर ऐकतील, असं पक्षाच्या तालुकाध्यक्षांचं मत आहे.

"फाल्या सकाळी काढूया," ती म्हणाली. "दोन मिनटांचा काम."

मी "बघूया" म्हटलं. ज्या पडवीत माझं दुकान आहे ती आता तिच्या नवऱ्याच्या नावावर आहे. ही गोष्ट तिने काढली नाही. माझ्याच मनात आली.

घरमालकांना जाऊन दोन वर्षं झाली. मी त्यांना काका म्हणायचे. नगरपरिषदेच्या पाणी खात्यात त्यांनी आयुष्य काढलं, तेही एकाच कामावर: पहाटे उठून खांद्यावर ती लांब लोखंडी चावी घ्यायची आणि एकेका वाडीचा व्हॉल्व्ह उघडायचा, मग बंद करायचा. निवृत्त झाल्यावर चावी गेली, उठायची सवय गेली नाही. उजाडायच्या आत खाकी अर्धी विजार आणि पांढराशुभ्र बनियन घालून ते गल्ल्यांतून फिरत. कुणाच्या कुंपणाला पाइप दिसला की त्याला कान लावत. मग दार वाजवत. झोपेतून उठून माणूस दार उघडी, तर हे सांगत, "तुमच्या न्हाणयेतलो नळ गळता. आणि तुमचो झील काल उशिरा इलो, तो नळ उघडोच ठेवन झोपलो." नळाचं खरं निघायचं. मुलाचंही निघायचं. त्यामुळे त्यांच्याबद्दल गावात आदर होता आणि पहाटे दार वाजलं की धडकीही होती.

त्यांचा दुसरा मान गाऱ्हाण्याचा. आमच्याकडे कुठलंही काम सुरू करताना वडीलधारा माणूस देवापुढे उभा राहतो आणि मोठ्याने सांगतो: कोण जमलं आहे, कशासाठी जमलं आहे, काय हवं आहे. प्रत्येक वाक्य संपलं की जमलेल्यांनी एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणायचं. पोरांना धड बोलता येत नाही तेव्हापासून हे येतं. वाडीतल्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान काकांच्या घराकडे होता, पण लोक त्यांना कशालाही बोलवत. नवी होडी, नवी रिक्षा, दहावीची परीक्षा, गुडघ्याचं ऑपरेशन.

माझ्या दुकानाचं गाऱ्हाणं त्यांनीच घातलं. मी काजूच्या कारखान्यातली कारकुनी सोडून मसाले, आमसुलं आणि आगळ, म्हणजे रातांब्याचा खारवलेला रस, विकायला बसणार होते. दहा माणसं जमली होती, माझ्या सासूबाई धरून. काकांनी हात जोडले आणि सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, ह्या बायेन बरी नोकरी सोडून दुकान घातल्यान आसा."

"व्हय म्हाराजा."

"हिचो घोव म्हणता, दुकान चालाचा नाय. हिची सासू म्हणता, चालाचा नाय."

"व्हय म्हाराजा," सासूबाई सगळ्यांत आधी म्हणाल्या.

"माका पण वाटता, चालाचा नाय. पण हिका वाटता, चालात. तर तू काय ता बघून घी."

मीसुद्धा "व्हय म्हाराजा" म्हटलं. तोंडातून गेल्यावर कळलं. नंतर मी त्यांना जरा तडकूनच विचारलं, की काका, पहिल्याच दिवशी असं कुणी घालतं का गाऱ्हाणं? ते शांतपणे म्हणाले, "देवाक सगळा म्हायती आसता गो. तुका म्हायती आसा काय, ता तेका बघूचा आसता." दुकान चाललं. पण पहिलं वर्ष कठीण गेलं, आणि त्या वर्षात आपल्याला कुणी फसवलं असं मला एकदाही वाटलं नाही.

दुकानाबाहेर एक बाक होता. काका सकाळी साडेआठला त्यावर येऊन बसत, पावणेनऊला त्यांचा मित्र येई. हा एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. काका जन्मभर सत्ताधारी पक्षाचे, कंडक्टर जन्मभर विरोधातला. नगरपरिषद कुणाकडे जाते, तिकीट कुणाला मिळतं, कुणी काय कबूल केलं आणि कुणी काय केलं, हे त्या बाकावर रोज निघे. गावात असे बाक पुष्कळ आहेत. या बाकाला नियम होता आणि तो काकांचा होता: दुसऱ्याच्या पक्षाला नावं ठेवायच्या आधी त्या पक्षाने केलेली एक चांगली गोष्ट सांगायची. ती खरी असली पाहिजे. सुचली नाही तर उद्यापर्यंत गप्प.

"तुमच्या पक्षान पाच वर्षां काय केल्यान, सांगा बघूया," कंडक्टर बसता बसता म्हणे.

"आधी आमच्या पक्षाची एक बरी गोष्ट सांग."

"ती सोधूक माका दुर्बीण लागात."

"मगे चाय पी आणि गप रव."

थोडा वेळ कंडक्टर चहा पीत राही. मग जड जिभेने, "बरां. धक्क्यार दिवे घातल्यानी."

"किती?"

"ता कित्याक इचारतंस? घातल्यानी म्हणान सांगलंय ना."

"चार घातल्यानी, दोन पेटतत. खरा सांगूचा. आता माझी पाळी. तुमच्या पक्षान स्टँडार मुतारी बांधल्यान, ती बरी आसा. पण दार बसवूक इसारलास रे मेल्यांनू."

एकदा माझे यजमान मुंबईहून महिनाभर रजेवर आले होते. त्यांना बाकावर बसायची हौस. ते तिसऱ्याच पक्षाचे आणि बोलायला जोरदार. पहिल्याच दिवशी काकांनी नियम सांगितला. यजमानांना दुसऱ्या दोन्ही पक्षांची एकही चांगली गोष्ट सुचेना, त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मानी माणूस, हट्टाने रोज जाऊन बसे आणि गप्प राही. इतकी शांत सुट्टी आमच्या संसारात दुसरी झाली नाही. त्याबद्दल मी काकांना त्या महिन्यात आगळाची बाटली दिली.

मला राजकारणातलं कळत नाही असं मी सांगणार नाही. गिऱ्हाईक बघत असताना मागे ते दोघे बोलायचे आणि मला सगळं ऐकू यायचं. आमच्या गावाचा कारभार कसा चालतो हे मला पेपरापेक्षा त्या बाकावरून जास्त कळलं.

गेल्या निवडणुकीत नगराध्यक्षपद बायकांसाठी राखीव झालं. सत्ताधारी पक्षात तिकिटासाठी दोन नावं होती. एक पक्षाच्या एका पुढाऱ्याची बायको, आणि दुसरी काकांची सून. पुढाऱ्याच्या बायकोला खुर्ची नको होती, नवऱ्याला हवी होती. सुनेला स्वतःला हवी होती. तिने आठ वर्षं बचतगट चालवले होते, एकदा नगरसेवकपदाला उभी राहून पडली होती, पडल्यावर दुसऱ्याच दिवशी गटाच्या बैठकीला आली होती. तिकिटाच्या त्या महिन्यात ती नीट जेवत नव्हती. शेवटी पक्षाने तिचं नाव ठरवलं. पण एबी फॉर्म, म्हणजे हीच आमची उमेदवार असं पक्षाने लिहून दिलेला कागद, तालुकाध्यक्ष अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी हातात देणार होते. तोपर्यंत काहीही होऊ शकतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आदल्या दिवशी सून माझ्याकडे आली. अर्ज भरायला जायच्या आधी देवळात नारळ ठेवायचा होता आणि गाऱ्हाणं सासऱ्यांनीच घालायला हवं होतं. मान त्यांचा, शिवाय वाडी त्यांच्या शब्दावर जमणार. "पण ते काय बोलतले, माका भय वाटता," ती म्हणाली. "तू इचार गो. तुझा आयकतत."

मी बाकावर जाऊन विचारलं. काकांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "घालीन. पण खोटा घालूचंय नाय. तिका तसा सांग."

मी आत येऊन तिला सांगितलं, "घालतो म्हणाले."

उरलेलं मी गिळलं. का, ते आज पाच वर्षांनी सरळ लिहिते. तिचा चेहरा उतरलेला होता, गिऱ्हाईक उभं होतं, आणि म्हातारा शेवटी घरच्या सुनेसाठी जरा सांभाळून घेईल असं मला वाटलं. माझ्या स्वतःच्या दुकानाचं गाऱ्हाणं ऐकलेलं असताना असं वाटायला नको होतं. पूर्ण निरोप दिला असता तर तिने काही निमित्त काढून गाऱ्हाणं चुलत घरातल्या कुणाकडून घालून घेतलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देऊळ भरलं. तालुकाध्यक्ष आले होते, ओरोसहून पक्षाचे जिल्ह्याचे दोन पदाधिकारी आले होते. पक्षाच्याच एका कार्यकर्त्याने फोनवरून सगळं थेट दाखवायला सुरुवात केली होती. काका धोतर नेसून उभे राहिले. नारळ ठेवला.

"बा देवा म्हाराजा, आज तुझ्या पायाकडे तुझी लेकरां जमली आसत."

"व्हय म्हाराजा."

"माझी सून गावच्या खुर्चेक उभी रवता. पक्षान तिका तिकीट दिल्यान आसा."

"व्हय म्हाराजा."

"ह्याच पक्षाकडे पाच वर्षां गाव होतो."

"व्हय म्हाराजा."

"पाच वर्षांमागे हयसरच नारळ ठेवन सांगल्यानी, रोज पाणी देतलो. पाणी एका दिसाआड येता, ता पण अर्धो तास."

"व्हय म्हाराजा."

"मासळीबाजाराक छप्पर घालतलो म्हणाले. म्हावरा इकणारी बायलमाणसां अजून उन्हात बसतत."

"व्हय म्हाराजा." या वेळी सर्वांत मोठा आवाज तालुकाध्यक्षांचा. हात जोडलेले, डोळे मिटलेले. देवळात वाक्य संपलं की तोंडातून ते जातंच, आधी जातं आणि मग माणूस ऐकतो. जिल्ह्याहून आलेल्या दोघांपैकी एकाने त्यांना कोपराने ढोसलं.

"गटार खणल्यानी आणि बुजवूक इसारले. त्यात माझो दोस्त पडलो, तेचो पाय मोडलो."

आता निम्मे लोक थांबले. पण मागून कंडक्टर, ज्याचं तिथे काही काम नव्हतं, घसा मोकळा करून ओरडला, "व्हय म्हाराजा."

"पण धक्क्यार दिवे घातल्यानी. ता बरां केल्यानी. ता पण तुका सांगतंय."

"व्हय म्हाराजा," सगळ्यांनी इतक्या जोरात म्हटलं की देवळावरचे कावळे उडाले. संपलं, असं सर्वांना वाटलं असणार. काका थांबले नाहीत.

"आता सुनेचा. माझी सून कामाची आसा. तिका कोणी पुढे केल्यान नाय, तीच पुढे इली. तिच्यात खोट एकच. मोठ्या माणसासमोर तिची वाचा बसता. तर म्हाराजा, तू खुर्ची दी नायतर नको दी, ता तुझा तू बघ. पण तिका तोंड दी."

कुणी काही म्हटलं नाही. पक्षाची माणसं एव्हाना ओठ घट्ट मिटून उभी होती, उरलेले त्यांच्याकडे बघत होते. मीही गप्प होते. मग सुनेनेच, खाली बघत, एकटीने "व्हय म्हाराजा" म्हटलं.

दुपारी बारापर्यंत तो व्हिडिओ मालवणात प्रत्येक फोनवर होता. तालुकाध्यक्ष 'व्हय म्हाराजा' म्हणतात तेवढाच तुकडा कुणीतरी कापून वेगळा काढला होता. एक वाजता ते स्वतः सुनेला घेऊन माझ्या दुकानात आले, कारण घरात नातेवाईक भरले होते. एबी फॉर्मचं पाकीट त्यांच्या शर्टाच्या खिशात होतं, वरून दिसत होतं. घाईत असले तरी बोलले शुद्ध. "वहिनी, मी कुणावर रागावलेलो नाही. फक्त तुम्ही एक व्हिडिओ करायचा. सासऱ्यांचं वय झालंय, त्यांना विसर पडतो, बोलण्याचं भान राहत नाही. एवढं बोला, पाकीट घ्या. तीनला मुदत संपते." आणि फोनवर बोलत बाहेर गेले.

सून माझ्याकडे बघत राहिली. "ताई, काय करू गो?"

मी घड्याळ बघितलं. "तिकीट हवं असेल तर बोल. नको असेल तर घरी जा. रडायला वेळ नाही." हे मी म्हटलं. मागच्या फळीवरच्या आगळाच्या बाटल्या चित्रात येत होत्या, त्याही मीच बाजूला केल्या.

ती बोलली. ऑफिसात बोलतात तसं, एका दमात: "माझे सासरे वयस्कर आहेत. गेले काही महिने त्यांना विसर पडतो. आज ते जे बोलले त्यामागे त्यांचा तसा हेतू नव्हता." पाकीट मिळालं. दाराबाहेर आली तर काका बाकावर बसलेले. दार उघडंच होतं, बाक दारापासून चार हातांवर. तिचे पाय थबकले. काका म्हणाले, "फॉर्म भरूक जातंस मां? जा. तीन वाजता दार लावतत."

ती गेली आणि पुढे निवडून आली. त्या घोळामुळे आली की घोळ होऊनही आली, यावर अजून वाद आहेत.

काका त्या दिवसापासून बोलेनासे झाले. साधं बोलत, जेवण, ऊन, माझ्या मसाल्यात धणे जास्त झालेत वगैरे. वाद बंद, गावाच्या कारभाराबद्दल एक अक्षर नाही, आणि गाऱ्हाणंही नाही. कुणी बोलवायला आलं तर "माका इचारू नको" एवढंच. लोकांनी आपसात मान हलवली. सुनेने सांगितलेलं खरं दिसतंय, म्हणाले. सुनेलाही हळूहळू तसंच वाटू लागलं असावं. तिने त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, आज वार कुठला?" काका म्हणाले, "तुमच्या मागे कॅलेंडर आसा, बघा." डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि गोळ्या सुरू झाल्या.

महिनाभर मी बघितलं. मग एकदा दुपारी, बाकावर ते एकटे असताना, समोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, काका, तुम्हाला काहीही विसर पडलेला नाही. हे काय चालवलंय?

"तिना चार लोकांत सांगल्यान, माका इसार पडता," ते म्हणाले. "आता मी बोलाक लागलंय तर खोटी कोण पडात?"

ही गोष्ट तिला सांगू नकोस असं ते म्हणाले नाहीत. सांग असंही म्हणाले नाहीत. तेव्हापासून मी एक लक्षात ठेवलं: 'माका आठवणा नाय' हे शब्द त्यांनी कधीच वापरले नाहीत. नेहमी 'इचारू नको'. खोटं न बोलता गप्प राहायचा हा त्यांचा रस्ता होता आणि तो त्यांनी शेवटपर्यंत सांभाळला.

फक्त एकदा तो मोडता मोडता राहिला. त्यांच्या सुनेच्या कारकिर्दीतलं दुसरं वर्ष असेल. बाजारात मोठी पाइपलाइन फुटली. रस्त्यातून पाणी उसळत होतं, दुकानांत शिरत होतं, आणि पाणी खात्यातली नवी माणसं एकेक चावी (व्हॉल्व्हलाही आमच्याकडे चावीच म्हणतात) फिरवून दमली तरी ते थांबत नव्हतं. सून स्वतः साडी खोचून पाण्यात उभी. कुणीतरी धावत बाकापाशी आला, "काकानू, खयची चावी?"

"माका इचारू नको."

तो गेल्यावर काका उठून दुकानात आले. चेहरा घामाने भिजलेला. ज्या पाण्यात आयुष्य गेलं ते रस्त्यावरून वाहताना त्यांना उभ्याने बघवत नव्हतं. माझ्या फळीवर हळदीची पूड सांडली होती, तीत त्यांनी बोटाने रस्त्याची एक रेघ काढली, तिला दुसरी छेद देणारी, आणि छेदाच्या अलीकडे ठिपका दिला. "वडाच्या मुळात धाकटी चावी आसा, माती इली आसतली तिच्यार. तू जाऊन सांग. माझा नाव घेव नको."

मी गेले. सून म्हणाली, "तुका कसा म्हायत?" मी म्हटलं, माझ्या सासूबाई सांगायच्या. सासूबाईंचा आणि पाण्याच्या चावीचा संबंध काय, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. खणलं, चावी निघाली, पाणी थांबलं. दोन दिवसांनी नगरपरिषदेने दुकानात येऊन माझा नारळ देऊन सत्कार केला. काका बाकावरून टाळ्या वाजवत होते.

कंडक्टरने एकदाही विचारलं नाही की तू गप्प का. त्याला कळलेलं असणार. तो रोज पावणेनऊला येत राहिला. वाद घालायला समोर कुणी नाही, म्हणून दोन्ही बाजू तोच बोलू लागला. "तुमच्या पक्षान मासळीबाजाराक छप्पर घातल्यान, ता बरां केल्यान. तुझ्या सुनेन केल्यान, मी नाय कशाक म्हणू? पण पाणी अजून एका दिसाआडच येता." मग थांबे, काकांकडे बघे, काका रस्त्याकडे बघत. मग पुन्हा हाच, "आणि आमच्या पक्षान काय दिवे लावले, असा तू इचारतलंस. तर आयक." जन्मभर विरोधात असलेला माणूस रोज सकाळी सत्ताधाऱ्यांचं प्रगतिपुस्तक एकटा वाचत होता, आणि शक्यतो न्यायाने.

तो जे वाचायचा ते खरंच होतं. सुनेने छप्पर घातलं, गटार बुजवलं. पाण्याचं तिला जमलं नाही. जिल्ह्याच्या बैठकीत ती उठून बोलते असं ऐकते, तालुकाध्यक्षांना दोनदा तोंडावर 'नाही' म्हणालेली आहे. वाईट नगराध्यक्ष ती नाही. काकांच्या आजारपणात रात्री-दिवसा त्यांचं सगळं तिनेच केलं, नोकरमाणूस ठेवलं नाही. आणि रोज सकाळी विसराची गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली. काकांनी ती घेतली. बाकीच्यांना ते औषध वाटत होतं. मला ठाऊक होतं आणि मी बघत होते. शेवटची तीन वर्षं.

आता दिवस कलला. सालं रसात बुडवून झाली. हात लाल झाले आहेत आणि मिठाने चरचरताहेत, म्हणून अक्षर असं आलं आहे. उद्या सकाळी ती येईल. दोन मिनिटांचं काम आहे. मी बोलले तर तिकीट तिला मिळण्याची शक्यता वाढते, आणि इतर इच्छुकांपेक्षा ती बरी आहे यात मला शंका नाही. पडवीही राहील. नाही म्हटलं तर ती विचारेल का, आणि का हे सांगितलं तर तिच्या डोक्यावर काय पडेल ते मला दिसतं आहे. मेलेल्या माणसाला आता कशाचाच फरक पडत नाही, असंही मी स्वतःशी म्हणून बघितलं. ते खरं असेल. पण आता तिने हे दुसऱ्यांदा करायचं आहे, आणि आपण काय करतो आहोत ते तिला ठाऊक नाही. पहिल्या वेळी मी तिला घड्याळ दाखवलं होतं.

१५ मे. ती यायच्या आधी मीच गेले. मागच्या अंगणातून तिच्या स्वयंपाकघरात. ती दूध तापवत होती, फोन ओट्यावर तयार ठेवलेला. म्हणाली, "इलंस? हयसरच काढूया काय? उजेड बरो आसा."

मी म्हटलं, "काढ. पण मी काय बोलणार ते आधी ऐक. तुझ्या सासऱ्यांना कसलाही विसर पडला नव्हता. शेवटच्या दिवसापर्यंत."

तिने दुधाखालचा गॅस बंद केला. "त्या दिवशी मी तुझ्या दुकानात बोलत होतंय," ती म्हणाली, "ता तेंनी आयकल्यानी?"

"शब्द न् शब्द."

"आणि मगे तेंनी..." ती थांबली. पुढचं तिचं तिनेच जुळवलं असावं, कारण ती ओट्याला धरून खाली बसली, जमिनीवर. नगराध्यक्ष म्हणून मिळालेला शिपाई दारात फाइल घेऊन आला होता, त्याला तिने हातानेच जा म्हटलं. फोन वाजला. तालुकाध्यक्षांचं नाव दिसत होतं. तिने तो पालथा घातला.

"पयल्यापासून सांग," ती म्हणाली. "काय एक ठेव नको."

मी तिच्यासमोर खाली बसले, आणि सुरुवात माझ्या अर्ध्या निरोपापासून केली.